अंधार म्हणजे किती

भर दुपारी आभाळ भरून आलं आणि वर्गात ट्यूबलाइट लावायची वेळ आली, की माझा हात बटनाकडे जाता जाता थांबतो. मॅडम गेल्या, त्यांची लॅब आता नव्या इमारतीत गेली, तरी थांबतो. मग एखादी मुलगी मागून म्हणते, "मॅडम, लावून राहिल्या ना?" आणि मी लाइट लावते.

विजया रंगारी आमच्या सौंसरच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवायच्या आणि मी जीवशास्त्र. वयानं त्या माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या. मी त्यांना मॅडमच म्हणायची. त्या मला नुसतं 'कुंदा'. उंच, किडकिडीत बाई. फिक्या रंगाची सुती साडी, पदर कमरेला खोचलेला आणि पायात रबरी स्लीपर. वडील रेल्वेत गँगमन होते, त्यामुळे लहानपण पांढुर्ण्याच्या रेल्वे क्वार्टरात गेलं आणि पुढे घरही पांढुर्ण्यातच केलं. रोज बसनं यायच्या. बसमध्ये जागा असली तरी ड्रायव्हरच्या मागे उभ्या राहायच्या, रस्ता बघत. "बसली की झोप येते वो," म्हणायच्या. लग्न केलं नव्हतं. एखाद्या नव्या शिक्षिकेनं कारण विचारलंच तर, "कोणी विचारलंच नाही. तुमच्याच्यानं झालं त पाहा एखादा," असं म्हणून इतक्या मोठ्यानं हसायच्या की विचारणारीच ओशाळायची.

सौंसर मध्य प्रदेशात, त्यामुळे शाळा हिंदी माध्यमाची. मॅडम फळ्यावर हिंदीत लिहायच्या, पण तोंडानं आपल्या नागपुरीत समजावायच्या. मुलांच्या घरी तीच बोली, म्हणून त्यांना ते बरोबर कळायचं.

एका वर्षी सरकारकडून शाळेला इलेक्ट्रॉनिक्सचं सामान आलं. खोकीच्या खोकी. प्राचार्यसाहेबांनी ती स्टोअरमध्ये ठेवून कुलूप लावलं. सामान खराब झालं तर जबाबदार कोण, ही त्यांची काळजी. मॅडम त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "साहेब, ते पडून पडून खराब होऊन राहिलं. वापरून खराब झालं त निदान पोट्टे शिकतीन." साहेबांनी किल्ली दिली. मॅडमनी मुलींना हाताशी घेऊन सायकल स्टँडच्या बाजूची खोली झाडली, खिडक्यांना जुन्या साड्यांचे पडदे लावले, आणि लॅब सुरू झाली.

पहिल्या तासाला मी उगाच जाऊन बसले होते. मॅडमच्या तळहातावर बिस्किटाएवढी एक निळी पट्टी होती, तिच्यावर काळा चौकोनी किडा चिकटवल्यासारखा एक तुकडा.

"हा मायक्रोकंट्रोलर," त्या म्हणाल्या. "मतलब लहानसा कॉम्प्युटर. पण याले ना पडदा, ना कीबोर्ड. याले एक काम सांगून ठेवायचं. मंग वीज आहे तोवर तो तेच करत राहते. याले कंटाळा येत नाही. भूक लागत नाही. काऊन करून राहिलो, असा प्रश्न याले पडत नाही."

मग त्यांनी प्रणयला समोर खुर्चीवर बसवलं. प्रणय अकरावीतला, बोरगावकडचा, घरची संत्र्याची बाग. अबोल मुलगा. मॅडम म्हणाल्या, "आज प्रणय मायक्रोकंट्रोलर. याले दार उघडाले लावा. जेवढं सांगसान तेवढंच हा करन."

एक मुलगी म्हणाली, "चाल दाराकडे." प्रणय बसल्या बसल्याच पाय हलवायला लागला. उभं राहा असं कोणी सांगितलंच नव्हतं. वर्ग हसला. मग कोणी त्याला उभं केलं, कोणी चालवलं, पण थांब म्हणायला सगळे विसरले आणि प्रणय दारावर जाऊन आपटला, आपटून तिथेच पाय उचलत राहिला. मुलं हसून हसून बाकांवर पडली. मॅडमही हसल्या. मग पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "पाहिलं? गलती त्याची नाही. त्याले अक्कल नाही, पण सांगतलं ते तो ऐकते. असा कोणी घरी आला त भेव वाटलं पाहिजे का नाही?"

त्या दिवशी छोटा लाल दिवा लुकलुकवायला शिकवलं. लाव, थांब, विझव, थांब. पहिला दिवा लुकलुकला तेव्हा मागच्या बाकावरची मुलगी ओरडली, "जिवंत झाला!"

"जिवंत नाही बाई," मॅडम म्हणाल्या. "जिवंत असता त मले इतकी काळजी नसती."

हे वाक्य तेव्हा मी विनोद म्हणून ऐकलं.

प्रत्येक गोष्टीला त्यांनी आपली नावं ठेवली होती. प्रकाश ओळखणाऱ्या सेन्सरला त्या डोळा म्हणायच्या. रिले नावाचा एक निळा ठोकळा असतो, बोर्डाची बारीकशी वीज मिळाली की तो टक आवाज करून मोठं बटन चालू करतो; त्याला टकटक्या. "टकटक्या म्हणजे दुसऱ्याच्या हातानं बटन दाबणं," त्या सांगायच्या. लॅबमध्ये भिंतीवरच्या बोर्डातली वीज कोणी घ्यायची नाही, सगळं बॅटरीवर, हा कडक नियम. "पाच व्होल्टात चूक झाली त दिवा जळते. भिंतीतल्या विजेत चूक झाली त माणूस."

डोळ्याचा तास मला नीट आठवतो, कारण पुढे मॅडमनी तो मला कितीदा तरी पुन्हा सांगितला. त्यांनी सेन्सरवर तळहात धरला, आकडा उतरला. हात काढला, आकडा चढला. म्हणाल्या, "याले अंधार समजत नाही, आकडा समजते. कितीच्या खाली गेलं की अंधार म्हणायचं, ते आपण याले सांगायचं."

"किती सांगायचं मॅडम?" प्रणयनं विचारलं.

मॅडमनी पडदे ओढायला लावले, लाइट बंद केले, आकडा वाचला आणि फळ्यावर लिहिलं, चारशे. सगळ्यांनी उतरवून घेतलं.

प्रणयचं काम बघत राहावं असं. लाल, काळी, पिवळी अशा तिन्ही वायरी तो एकमेकींत गुंफायचा आणि शेवटी दोरा बांधायचा. मॅडम म्हणायच्या, "याले लहान बहीण असन. वेणी घालता येते याले." बहीण होतीच. तो लाजायचा.

त्यानं बागेसाठी एक यंत्र केलं. रानडुकरं रात्री येऊन बाग उकरून टाकायची. अंधार पडला की टकटक्या टक करणार, भोंगा वाजणार, थांबणार, पुन्हा वाजणार. शाळेच्या प्रदर्शनात त्यानं सेन्सरवर टोपी ठेवली आणि भोंगा असा ओरडला की साहेब चष्मा हातात घेऊन ऑफिसबाहेर धावत आले. मॅडमनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. त्यांना मी तेवढं आनंदी कधी पाहिलं नाही, आधी किंवा नंतर.

काही दिवसांनी तो सांगत आला, "मॅडम, हा भोंगा बागेत आयकू येत नाही. बाबानं घरच्या लाइनवरचा मोठा आणला. वायरमननं जोडून देल्ला."

"वायरमननं जोडला ना?"

"हो मॅडम."

"मंग ठीक आहे," मॅडम म्हणाल्या आणि दुसऱ्या मुलीच्या बोर्डाकडे वळल्या. मी तिथेच उभी होते. त्या बोलण्यात काही होतं असं मलाही वाटलं नाही.

दिवाळीच्या आधी, कापसाची वेचणी चालू असताना, एका दुपारी असं आभाळ आलं की आम्ही वर्गावर्गात लाइट लावले. पाऊस थोडाच पडला. शाळा सुटता सुटता बातमी आली. बोरगावच्या पलीकडे एक बाई तारेला चिकटून गेली. कांताबाई नाव. प्रणयच्या बागेशेजारच्या वावरात कापूस वेचायला आली होती. पाऊस आला म्हणून बाया झाडाखाली पळाल्या, आणि ही बागेच्या कडेनं जाताना घसरली. सावरायला तिनं तारेच्या कुंपणाला हात घातला.

कुंपणात वीज होती. डुकरं भोंग्याला सरावली, वाजला तरी खात राहायची. म्हणून प्रणयच्या बापानं भोंग्याच्या वायरी सोडून कुंपणाला बांधल्या होत्या. पोराला सांगितलं नव्हतं. यंत्र रात्रीच चालू होतं, दिवसा कोणाला काय होणार, असा त्याचा हिशेब. पण सेन्सर होता गोठ्याच्या टिनाखाली. ढग आले, टिनाखाली आकडा चारशेच्या खाली गेला, आणि यंत्रानं भर दुपारी अंधार झाला असं धरलं.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी शाळेला कळवलं की ही वस्तू काय आहे ते सांगणारं कोणी पाठवा. साहेबांनी मॅडमना पाठवलं. मॅडम मला म्हणाल्या, "कुंदा, तू चाल सोबत."

ठाण्यात टेबलावर प्लॅस्टिकचा पांढरा डबा होता. इन्स्पेक्टरनं झाकण काढलं. आत लाल, काळी, पिवळी वेणी, टोकाला दोरा. मॅडमनी एक हात टेबलाच्या कडेवर ठेवला.

"क्या चीज है मॅडम? इसमें खराबी क्या थी?"

मॅडमनी डबा जवळ ओढला. मग त्यांनी लॅपटॉप मागितला, केबल लावली, स्वतःच्या टेबलावर असल्यासारखं सगळं तपासलं. अंधार झाला का, झाला तर टक, नाही तर बंद. शेवटी म्हणाल्या, "यात काहीच खराब नाही साहेब. यानं एकही गलती केली नाही."

बाहेर आल्यावर त्या पायरीवर बसल्या. समोर जामसांवलीच्या मारुतीला जाणाऱ्या भाविकांच्या गाड्या चालल्या होत्या, शनिवार होता. मॅडम म्हणाल्या, "आकडा माया आहे, कुंदा. चारशे. माया फळ्यावरचा."

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. प्रणयचा काका दोनदा शाळेत येऊन गेला. "मॅडम, मशीन अपनेआप बिगडली, असं लिहून द्या ना. माया भावाची सुटका होईन." कांताबाईच्या वस्तीतले लोक मॅडमच्या घरी पांढुर्ण्याला गेले. ते मॅडमचेच समाजबांधव, विहारात भेटणारे. त्यांचं म्हणणं होतं, बापासोबत पोराचंही नाव घ्या, यंत्र तर त्यानंच बनवलं. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "बाई, तुमी आपल्या हा. तुमी कोनाकून बोलसान?"

मॅडमनी दोन्हीकडच्यांना चहा दिला आणि जबानीत जे होतं तेच सांगितलं. यंत्र बिघडलेलं नव्हतं. पोरानं भोंग्यासाठी बनवलं, कुंपणाला बांधलं बापानं. आणि अंधाराचा आकडा मी शिकवलेला होता. तो आकडा बंद खोलीतला होता, टिनाखालचा नव्हता, हे मी पोरांना सांगितलं नव्हतं. तेही लिहा. जबानी लिहिणाऱ्या शिपायाला तेव्हा ते शेवटचं समजलं नव्हतं. त्यानं विचारलं, "ये लिखना जरूरी है क्या?" मॅडम म्हणाल्या, "हो."

काकानं मग शाळेच्या फाटकासमोर उभं राहून शिव्या दिल्या. विहारातही काही दिवस कोणी मॅडमशी धड बोललं नाही. साहेबांनी लॅबला कुलूप लावलं. मॅडमनी या वेळी किल्ली मागितली नाही.

पण त्या बदलल्या. शिकवता शिकवता उन्हावर ढग आला, खिडकीतला उजेड कमी झाला, की त्यांचं वाक्य अर्ध्यात तुटायचं. खिडकीकडे बघत राहायच्या. मुलं वाट पाहायची. स्टाफरूममध्ये कोणी जोरात पेनाचं बटन दाबलं तरी दचकायच्या. एकदा डबा खाताना मला म्हणाल्या, "कुंदा, तुले माहीत आहे? ते अजून बंद नाही. डब्यातून बॅटरी काढली, पण माया डोक्यात ते चालूच आहे. अंधार झाला का, नाही. झाला का, नाही. झाला का." पोळीचा तुकडा तसाच हातात होता.

थंडीचे दिवस असतील. मधल्या सुट्टीत एक मुलगी स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. गणवेश दुसऱ्या शाळेचा. "रंगारी मॅडम कोण आहेत?"

मॅडम उठल्या.

"मी रोशनी. कांताबाईची पोरगी."

आमचे डबे तसेच उघडे राहिले. मुलगी मात्र शांत होती. म्हणाली, "ते काय होतं, ते मले पाहाचं आहे. पोलिसांनी दाखवलं नाही."

मॅडम माझ्याकडे वळल्या. मी साहेबांकडून किल्ली आणली.

लॅबमध्ये धूळ बसली होती. मॅडमनी टेबल पुसलं, कपाटातून एक बोर्ड काढला, सेन्सर लावला, टकटक्या लावला, आणि भोंग्याच्या जागी छोटा लाल दिवा. वायर भोकात जाईना. मी मदत करायला पुढे झाले तर मानेनंच नको म्हणाल्या. शेवटी जमलं. "याच्यावर हात धर," त्या म्हणाल्या.

रोशनीनं सेन्सरवर तळहात धरला. टक. दिवा लागला. तिनं हात काढला. टक. विझला. पुन्हा धरला. पुन्हा काढला. किती वेळ ती हेच करत होती. तिच्या चेहऱ्यावर रडू नव्हतं, रागही दिसत नव्हता. काही तरी सापडेल म्हणून ती शोधत होती आणि तिथं काहीच नव्हतं.

शेवटी ती म्हणाली, "एवढंच?"

मॅडमनी मान हलवली. "एवढंच, बेटा."

"यात माय कुठी आहे?" तिनं विचारलं. "मतलब, माणूस आहे का डुक्कर, हे त्याले समजते कुठून?"

"नाही समजत."

रोशनीनं दप्तर उचललं आणि निघून गेली. मॅडमना नमस्कार केला नाही. मॅडम त्या टेबलाशी बसून राहिल्या. पुढचा तास त्यांचा होता, तो मी घेतला.

त्यानंतरच्या रविवारी त्या मला घेऊन प्रणयच्या घरी गेल्या. बाप अजून तुरुंगातच होता. प्रणयनं शाळा सोडली होती. आईनं आम्हाला ओसरीवर बसवलं, प्रणय खांबाशी येऊन टेकला. त्याच्या आईनं हळूच सांगितलं, "बटनाले हात लावत नाही जी हा. लाइट लावाचा असन त बहिनीले हाक मारते."

मॅडम म्हणाल्या, "प्रणय, ते तू नाही केलं."

तो म्हणाला, "मॅडम, शाळेत नव्हतो आलो मी, घरीच होतो. गोठ्यात. त्या दिवशी टक आयकू आलं मले."

मॅडम पुढे सरकून बसल्या.

"टक झालं. मी म्हटलं, आता भोंगा वाजन. नाही वाजला. म्हटलं, वायर ढिली झाली असन. पाऊस थांबला की पाहू." त्यानं खांबाला कपाळ टेकवलं. "मी ढोराईले कुटार टाकत होतो, मॅडम. आयकलं आन कुटार टाकत राहिलो."

त्याला काही तरी धीराचं सांगावं म्हणून मी तोंड उघडणार होते. मॅडमनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला थांबवलं. त्या उठल्या, त्याच्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "मी असती तरी हेच समजली असती. वायर ढिली झाली. मीबी उठली नसती."

प्रणय तेव्हा रडला. त्याची आई आत निघून गेली. मॅडम त्याच्याजवळ खांबाला टेकून उभ्या होत्या, पाठीवर हात वगैरे न ठेवता, नुसत्या. त्याचं रडणं संपल्यावर त्यांनी त्याला आकड्याचं सांगितलं, जसं पोलिसांना सांगितलं होतं तसंच. म्हणाल्या, "अर्ध माया आहे. सगळं तू एकटा नको घेऊ."

तो पुढे मामाकडे काटोलला गेला. तिथून बारावी झाला, मामाच्या गुरांच्या ढेपेच्या दुकानात बसतो. त्याच्या आईची गाठ पडली होती मागे. म्हणाली, दुकानाचं शटर उघडलं की लाइट तोच लावतो आता.

त्या भेटीनंतर मॅडमनी साहेबांकडे जाऊन लॅब उघडायची परवानगी मागितली. साहेब हात जोडून म्हणाले, "मॅडम, इतना सब होने के बाद?" मॅडम म्हणाल्या, "साहेब, बंद केली त पोट्टे मोबाइलवर पाहून करतीनच. तिथी त्याइले 'नाही' कोण म्हणन?" साहेबांनी विचार करायला बरेच दिवस घेतले. एका पालकसभेत विषय निघाला, आवाज चढले, आणि शेवटी एका मुलीचा बाप उठून म्हणाला, "मॅडमच शिकवत असन त मायी पोरगी येईन." तेवढ्यावर लॅब उघडली.

शिकवणं मात्र पहिल्यासारखं राहिलं नाही. हसणं कमी झालं. कोणी काही बनवलं की शाबास म्हणायच्या आधी एक प्रश्न यायचा, "हे दुसऱ्याच्या हातात गेलं त तो काय करन?" मुलांना उत्तर द्यावं लागायचं. दोन-तीन मुलांनी वैतागून लॅब सोडली. एका मुलीनं आजीसाठी औषधाची आठवण देणारी डबी केली होती. तिलाही हाच प्रश्न. मुलगी म्हणाली, "मॅडम, वाजत राहिली आन घरी सांगाले कोणीच नसलं त आजी दोनदा औषध घेईन." मॅडमनी तिला खुर्ची दिली, म्हणाल्या, "बस. आता दुरुस्ती सुरू कर." आणि कोणाच्या घरी यंत्र लागलं की मॅडम स्वतः जाऊन बघायच्या. वायरमननं लावलं असलं तरी.

आणि ढगाळ दुपारी त्या सगळ्या वर्गाला बोर्ड घेऊन मैदानात न्यायच्या. स्टाफरूमच्या खिडकीतून मी हे कितीदा तरी पाहिलं. आभाळ काळं, वारा सुटलेला, मुली वेण्या सावरत लॅपटॉपवर आकडे वाचताहेत, आणि मॅडम एकेकीला विचारताहेत, "किती आला?" मग, "तुले माया चेहरा दिसून राहिला का?"

"हो मॅडम."

"मंग आकड्यावर भरोसा नको ठेवू. खोड तो."

बाकीचे शिक्षक हसायचे. मॅडमच्या डोक्यावर परिणाम झाला असंही कोणी म्हणायचं. मला त्या खिडकीतून बघवत नसे, आणि तिथून हलवतही नसे.

बोरगावला कांताबाईच्या घरी त्या जायच्या, हे मला फार उशिरा कळलं. महिन्याकाठी एखाद्या रविवारी. रोशनी दार उघडायची, बसायला द्यायची आणि आत निघून जायची. कांताबाईचा नवरा असला तर दोन शब्द बोलायचा, नसला तर मॅडम भिंतीवरच्या फोटोसमोर थोडा वेळ बसून परत यायच्या. मी एकदा म्हटलं, "मॅडम, ती बोलत नाही तर कशाला जाता?"

"तिनं काऊन बोलावं?" त्या म्हणाल्या. "दार उघडते ना. मी काही बोलून घ्याले नाही जात."

मॅडम निवृत्त झाल्या. निरोपाला मुलींनी खूप गर्दी केली, पण भाषण त्यांनी केलं नाही. पुढे एका पावसाळ्यात पांढुर्ण्यालाच, साध्या तापाचं निमित्त होऊन, त्या गेल्या. मी तेव्हा मुलीच्या बाळंतपणाला भोपाळला होते. आले तेव्हा घराला कुलूप होतं. त्यामुळे मॅडमचं शेवटचं दर्शन म्हणजे त्याच्या आधीच्या उन्हाळ्यातलं.

मी नागपूरहून येत होते. बस बोरगावला थांबली. रविवारची सकाळ, ऊन चढत होतं. पुढच्या दारानं एक बाई सावकाश उतरताना दिसली, आणि साडीच्या खोचलेल्या पदरावरून मी ओळखलं. फार वाळल्या होत्या. माझ्या पुढे इतकी गर्दी होती की त्या पांढुर्ण्याहून येऊन वाटेत कुठे चढल्या हेही मला कळलं नव्हतं. मी खिडकीतून हाक मारणार, तेवढ्यात रस्त्याच्या कडेला, पानठेल्याच्या सावलीतून एक तरुण मुलगी पुढे आली. रोशनी. मी तिला एकदाच पाहिलं होतं, पण ओळखलं.

ती मॅडमना घ्यायला आली होती.

मॅडम थबकल्या. त्यांना हे अपेक्षित नव्हतं, हे त्यांच्या उभं राहण्यावरूनच दिसत होतं. रोशनीनं त्यांच्या हातातली पिशवी घेतली. काही बोलली असं मला दिसलं नाही. वळली आणि गावाच्या वाटेनं चालू लागली. मॅडम तिच्या मागे, थोडं अंतर ठेवून. जरा पुढे गेल्यावर रोशनी थांबली, मागे बघून उभी राहिली, आणि मॅडम तिच्याजवळ पोचेपर्यंत हलली नाही.

कंडक्टरनं घंटी मारली. बस वळली आणि मधे ट्रक आला.